पान्हा, फुंका आणि एक लहानशी कुपी

‘म्हैस पान्हा चोरते’ असे आपल्याकडे म्हणतात. धार काढणारा माणूस बदलला, गोठ्यात अनोळखी कोणी आले, कुत्रे अंगावर धावले किंवा रेडकू दगावले, की भरल्या कासेची म्हैस दूध देईनाशी होते. परभणी जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्यांच्या काठच्या गावांतून शाळेत येणाऱ्या मुलांना हे सांगावे लागत नाही. मराठवाडी म्हशी आणि लाल कंधारी गायी सांभाळणाऱ्या घरांत ते त्यांनी पाहिलेलेच असते. यातला ‘चोरते’ हा शब्द फार नेमका आहे. दूध आटलेले नाही, ते आत आहे. फक्त बाहेर येत नाही. दूध तयार होणे आणि दूध बाहेर येणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे गोठ्यातल्या भाषेला शरीरशास्त्राच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

या दुसऱ्या क्रियेमागे जे संप्रेरक आहे त्याचे नाव ऑक्सिटोसिन. आज ते लहानशा काचेच्या कुपीत मिळते. तीच कुपी बाळंतपणाच्या खोलीत आईचा जीव वाचवते, आणि तीच काही गोठ्यांत रोज सकाळ-संध्याकाळ म्हशीला टोचली जाते. एकाच औषधाच्या वाट्याला असे दोन इतिहास कसे आले, ते या लेखात पाहू.

कासेत दूध कुठे असते?

कास म्हणजे दुधाने भरलेली पखाल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात कासेत द्राक्षांच्या घडांसारख्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात आणि दूध त्यांच्यात तयार होते. या पिशव्यांतून निघालेल्या नळ्या एकत्र येत सडाच्या वरच्या पोकळीत उघडतात. पोकळीत उतरलेले दूध सड पिळले की मिळते. पिशव्यांतले दूध मात्र कितीही पिळले तरी खाली येत नाही. प्रत्येक पिशवीभोवती स्नायूंसारख्या आकुंचन पावणाऱ्या पेशींचे जाळे असते. ते आवळले गेले की पिशवी दाबली जाते आणि दूध नळीत ढकलले जाते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो.

गायीच्या कासेत दोन धारांच्या मधल्या वेळात जमलेल्या दुधापैकी साधारण पाचवा हिस्सा पोकळीत उतरलेला असतो. म्हशीच्या बाबतीत हे प्रमाण शेकडा ५ च्या आसपास भरते. म्हणजे म्हशीचे जवळजवळ सगळे दूध पान्ह्यावर अवलंबून असते, आणि तिला पान्हा फुटायला वेळही गायीपेक्षा जास्त लागतो. पान्हा चोरण्याचा दोष म्हशीच्या नावावर अधिक का लागला, याचे उत्तर इथे मिळते.

फुंका

पान्हा न सोडणाऱ्या जनावराचे करायचे काय, हा प्रश्न पशुपालनाइतकाच जुना आहे. सौम्य उपाय सर्वांना माहीत आहेत: वासराला आधी पाजणे, कास कोमट पाण्याने धुणे, पुढ्यात आंबोण ठेवणे. वासरू मेले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीसमोर उभे करीत. दुसरा उपाय क्रूर होता. जनावराच्या योनिमार्गात नळी घालून हवा फुंकायची. याला आपल्याकडे ‘फुंका’ म्हणत.

ही रीत केवळ आपल्या देशातली नव्हे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने सिथियन लोकांविषयी लिहिताना हेच वर्णन केले आहे. एक माणूस हाडाच्या नळीने घोडीच्या योनिमार्गात फुंकर घालतो आणि दुसरा धार काढतो. असे केल्याने शिरांत हवा भरते आणि कास खाली उतरते, असा त्या लोकांचा समज होता. समज चुकीचा होता, पण परिणाम खरा होता. तो का होतो हे कळायला पुढे सुमारे २४०० वर्षे जावी लागली.

मोठ्या शहरांतल्या गोठ्यांत फुंक्याचे प्रमाण इतके वाढले की १८९० सालच्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्यात त्याचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला. महात्मा गांधींच्या आयुष्यालाही याच गोष्टीने एक वळण दिले. गायी-म्हशींच्या या छळाची हकीकत वाचून त्यांना दुधाची शिसारी आली, आणि १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी दूध सोडले. पुढे १९१८ साली ते गंभीर आजारी पडले. हवापालटासाठी माथेरानला गेले, पण गुण आला नाही. मुंबईत डॉ. दलाल यांनी सांगितले की दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधीजींनी व्रताची अडचण सांगितली, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या कस्तुरबा म्हणाल्या की मग शेळीचे दूध घ्यायला हरकत नसावी. गांधीजींच्या शेळीच्या दुधाची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. तिच्या मुळाशी फुंका होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

मांजर आणि कागदी पिशव्या

आता प्रयोगशाळेत जाऊ. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. १९०६ साली हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाने प्रसिद्ध केले की या ग्रंथीच्या मागच्या खंडाचा अर्क टोचला असता मांजरीचे गर्भाशय जोराने आकुंचन पावते. तीनच वर्षांत विल्यम ब्लेअर बेल या डॉक्टरांनी हा अर्क प्रसूतीच्या वेळी वापरल्याचे लिहिले. १९१० साली ऑट आणि स्कॉट यांनी दाखवले की याच अर्काने शेळीच्या कासेतून दूध वाहू लागते. ऑक्सिटोसिन या नावाची घडण ‘त्वरित प्रसूती’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांतून झाली.

पण अर्क टोचल्यावर दूध येते, एवढ्यावरून जनावराच्या शरीरात रोज तसेच घडते असे सिद्ध होत नाही. वासराने सड तोंडात धरल्यावर निघालेला संदेश मज्जातंतूंमार्फत थेट कासेला मिळत असेल, अशीही शक्यता होती. अमेरिकेत एली आणि पीटरसन यांनी १९४१ साली याचा निकाल लावला. त्यांनी गायीच्या कासेच्या एका अर्ध्या भागाकडे जाणारे मज्जातंतू कापले. तरीही धार काढताना दोन्ही भागांत पान्हा सारखाच आला. म्हणजे निरोप मज्जातंतूंतून नव्हे, रक्तातून येत होता. पुढच्याच वर्षी पीटरसन आणि लडविक यांनी पान्हवलेल्या गायीचे रक्त शरीरापासून वेगळ्या केलेल्या कासेत सोडले, आणि त्या कासेतूनही दूध बाहेर आले.

एली आणि पीटरसन यांनी आणखी एक गोष्ट केली. गायीच्या पाठीवर मांजर ठेवले आणि तिच्याजवळ कागदी पिशव्या फोडून आवाज केले. घाबरलेल्या गायीने पान्हा सोडला नाही. भीतीच्या वेळी रक्तात येणारे ॲड्रेनलिन टोचले तरीही पान्हा अडला. आपल्या आजीने ‘गोठ्यात आरडाओरडा करू नका’ म्हणून दटावले होते, त्यामागचे कारण या प्रयोगात दिसते.

त्याच १९४१ साली फर्ग्युसन यांनी सशांवर काम करून दाखवले की गर्भाशयाच्या मुखावर ताण आला की पीयूषिकेतून हेच संप्रेरक बाहेर पडते. प्रसूतीच्या वेळी बाळाचे डोके खाली दाबू लागले की कळा वाढतात, त्या यामुळे. आणि फुंक्याचे कोडेही इथेच सुटते. फुंकलेली हवा शिरांत जात नव्हती की कासेत. ती त्या नाजूक भागावर ताण देत होती, मेंदूला प्रसूतीचा खोटा निरोप मिळत होता आणि रक्तात ऑक्सिटोसिन सांडत होते.

नऊ मण्यांची माळ

तोपर्यंत हे औषध कत्तलखान्यातून गोळा केलेल्या गुरांच्या व डुकरांच्या ग्रंथींपासून काढले जाई. ते महाग होते, आणि त्यात रक्तदाब वाढवणारे दुसरे संप्रेरक मिसळलेले असे. १९२८ साली ही दोन द्रव्ये बऱ्याच अंशी वेगळी करता आली. पण ऑक्सिटोसिन म्हणजे नेमके काय, हे न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयातील व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी शोधले. ती नऊ अमिनो आम्लांची छोटीशी माळ आहे. सहा मण्यांचे एक वेटोळे, गंधकाच्या दोन अणूंनी बांधलेले, आणि पुढे तीन मण्यांची शेपटी. १९५३ साली त्यांनी ही माळ प्रयोगशाळेत ओवून दाखवली. शरीरातले ऑक्सिटोसिन आणि बनवलेले ऑक्सिटोसिन यांचा परिणाम सारखाच ठरला. अशा प्रकारचे संप्रेरक माणसाने बनवण्याची ही पहिलीच वेळ. १९५५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक द्यु विन्यो यांना मिळाले.

आता ग्रंथी गोळा करण्याची गरज उरली नाही. औषध शुद्ध झाले, मुबलक झाले आणि स्वस्त झाले. पुढे जे चांगले घडले आणि जे वाईट घडले, ते दोन्ही या स्वस्ताईमुळे शक्य झाले.

बाळंतपणाच्या खोलीत

बाळ जन्मल्यावर वार सुटते तेव्हा गर्भाशयाच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त फिरत असते. या वाहिन्या बंद करण्याचे काम गर्भाशयाचे स्नायू करतात. त्यांचे धागे एकमेकांत विणलेले असतात आणि ते आवळले की मधल्या रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. गर्भाशय सैल राहिले तर मात्र बाई थोड्याच वेळात रक्तस्रावाने दगावू शकते. २००१ ते २००३ या काळातील देशपातळीवरच्या पाहणीत मातामृत्यूंपैकी शेकडा ३८ मृत्यू रक्तस्रावाने झाल्याचे दिसले होते.

यावरचा उपाय साधा आहे. बाळ बाहेर आल्यावर, पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून, मिनिटभरातच ऑक्सिटोसिनची १० एकके स्नायूत टोचायची. जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक प्रसूतीत असे औषध देण्याची शिफारस करते. प्रशिक्षित परिचारिकाही ते देऊ शकते. २००१–०३ मध्ये महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८–२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. देशाचा आकडा याच काळात ३०१ वरून ९७ वर आला. याचे सगळे श्रेय एका इंजेक्शनला देता येणार नाही. दवाखान्यात होणारी बाळंतपणे, रक्ताची सोय, रस्ते आणि वाहने या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण दवाखान्यात पोचलेल्या बाईला तिथे जे मिळायला हवे, त्यात ही कुपी अगदी वरच्या क्रमांकावर आहे.

याच औषधाचा वेळ चुकला तर ते घातक होते. बाळ जन्मण्याआधी कळा वाढवायच्या असतील तर ते अतिशय थोड्या प्रमाणात, सलाइनमधून थेंबाथेंबाने, आई आणि बाळ या दोघांवर लक्ष ठेवून द्यावे लागते. घरी किंवा अप्रशिक्षित माणसाच्या हातून सरळ टोचलेले ‘कळांचे इंजेक्शन’ गर्भाशय फाडू शकते आणि बाळाचा प्राणवायू तोडू शकते. बाळंतपणाआधी आणि बाळंतपणानंतर, या दोन शब्दांमधला फरक इथे जीवन-मरणाचा आहे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. ही नाजूक माळ उन्हाने खराब होते. म्हणून कुपी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागते. परभणीत मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि वीज तासन् तास जाऊ शकते. फ्रीज बंद पडलेला असेल तर कुपी दिसायला पहिल्यासारखीच स्वच्छ, रंगहीन दिसते. तिच्यातले बळ मात्र गेलेले असते. ते गेले आहे हे डोळ्यांना कळत नाही. रक्तस्राव थांबला नाही की मग कळते. यावर उपाय म्हणून ऑक्सिटोसिनच्या रचनेत थोडा बदल करून उष्णता सोसणारे कार्बेटोसिन तयार करण्यात आले. ते ३० अंशांत ३ वर्षे टिकते. भारतासह १० देशांतल्या सुमारे ३०,००० बाळंतिणींवर झालेल्या तुलनेत ते ऑक्सिटोसिनपेक्षा कमी पडले नाही, असे २०१८ साली जाहीर झाले.

गोठ्यात

पशुवैद्यकातही ऑक्सिटोसिनला रास्त स्थान आहे. १९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. शहरातले पशुवैद्यक महाविद्यालय आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. अशा महाविद्यालयांत विद्यार्थी हे औषध केव्हा द्यावे ते शिकतात: व्यायला अडलेल्या जनावराच्या कळा मंदावल्या असतील, व्याल्यानंतर गर्भाशय सैल राहिले असेल, किंवा कासदाह झालेली कास पूर्ण रिकामी करायची असेल तेव्हा. मात्र गर्भाशयाचे तोंड उघडलेले आहे की नाही, वासरू आडवे तर नाही, हे तपासल्याशिवाय ते द्यायचे नसते.

गोठ्यातला रोजचा वापर वेगळाच आहे. रेडकाला पाजायचे दूध वाचवावे, किंवा रेडकू मेलेच तर पान्ह्याची अडचण राहू नये, म्हणून दर धारेला इंजेक्शन. म्हशीला ते टोचले की मिनिटभरात पान्हा येतो. दूध वाढल्यासारखे वाटते. खरे पाहता त्या इंजेक्शनाने नवे दूध तयार होत नाही, आतले बाहेर येते एवढेच. ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटेच टिकते, त्यामुळे पुढच्या धारेला पुन्हा सुई. असे आठवडेच्या आठवडे चालले की शरीराच्या स्वतःच्या ऑक्सिटोसिनला कास नीट दाद देईनाशी होते, आणि मग इंजेक्शनावाचून म्हैस खरोखरच दूध देत नाही. सुईच्या जागी गाठी येतात. एकच सुई सगळ्या गोठ्यात फिरली तर रोगही फिरतात. हे सगळे पाहिले की वाटते, फुंका गेला नाही, त्याने नवे रूप घेतले. १९६० सालच्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ मध्ये हे आधीच ओळखलेले दिसते. दूध वाढवण्यासाठी फुंका करणे किंवा जनावराच्या आरोग्याला अपायकारक असे कोणतेही द्रव्य टोचणे, हा त्यात एकत्रच गुन्हा मानला आहे.

इथे एका समजुतीविषयी बोलायला हवे, कारण मुले शिक्षकांना ती विचारतात. ‘इंजेक्शनाच्या दुधाने मुली लवकर वयात येतात’ असे सर्रास सांगितले जाते. याला पुरावा नाही. ऑक्सिटोसिन ही अमिनो आम्लांची माळ आहे. पोटात गेल्यावर डाळीतल्या प्रथिनासारखीच ती तुटते. म्हणून तर ते गोळीऐवजी इंजेक्शनाने द्यावे लागते. रोजच्या इंजेक्शनाला विरोध करण्याचे खरे कारण म्हशीचे हाल हे आहे, आणि ते पुरेसे आहे. त्याला खोट्या भीतीचा टेकू दिला की काय होते, ते पुढे दिसले.

बंदी आणि न्यायालय

गैरवापर रोखण्यासाठी २००१ साली सरकारने ठरवले की हे औषध एकेका मात्रेच्या वेष्टनातच विकावे. तरीही लेबल नसलेल्या बाटल्यांतून चोरटा पुरवठा चालूच राहिला. २७ एप्रिल २०१८ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली: देशातल्या वापरासाठी हे औषध खाजगी कंपन्यांनी बनवू नये, बंगळूरच्या कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या एकाच सरकारी कंपनीने ते बनवावे. अंमलबजावणीची तारीख १ जुलैवरून १ सप्टेंबर २०१८ अशी पुढे गेली.

डॉक्टर आणि आरोग्यक्षेत्रातल्या संघटना धास्तावल्या. दरवर्षी कोट्यवधी बाळंतपणे होणाऱ्या देशात, दूरदूरच्या केंद्रांपर्यंत थंड राखून पोचवायचे औषध, एकाच कारखान्यावर सोपवायचे? तिथे काही बिघडले तर? प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. १४ डिसेंबर २०१८ रोजी न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली. निर्णयाला शास्त्रीय आधार नाही आणि औषधाची टंचाई झाल्यास बाळंतिणींवर काय ओढवेल याचा विचार झालेला नाही, असा त्याचा आशय होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये हा विषय मोठ्या पीठाकडे सोपवला.

म्हशीचे दुःख खरे होते आणि बाळंतिणीची गरजही खरी होती. चोरट्या बाटल्या शोधणे, त्या विकणाऱ्यावर कायदा चालवणे आणि पशुपालकाला रेडकू जगवण्यासाठी मदत करणे ही कष्टाची कामे आहेत. त्यांच्या जागी कायदेशीर कारखाने बंद करणे सोपे वाटले. पण चोरटा माल कारखान्याचा परवाना विचारत नाही, आणि परवान्याचा माल थांबला तर पहिली झळ लागते ती आडगावच्या आरोग्य केंद्राला.

वर्गात करण्यासारखे

ज्या मुलांच्या घरी दुभते जनावर आहे त्यांना एक नोंद ठेवायला सांगावी. कास धुतल्यापासून किंवा वासरू लावल्यापासून सड टरारून भरेपर्यंत किती वेळ लागतो, तो सेकंदांत मोजायचा. आठ दिवस, दोन्ही वेळेला. गायीला साधारण मिनिटभर आणि म्हशीला दोन मिनिटे किंवा त्याहून जास्त लागतील. धार काढणारा बदलला, पोळ्याच्या दिवशी वाजंत्री वाजली, वासरू आजारी पडले, की हा वेळ कसा बदलतो तेही लिहावे. बादलीच्या आवाजानेच एखादी गाय पान्हवते का, हेही पाहावे. एली आणि पीटरसन यांच्या प्रयोगाची ही घरगुती, आणि जनावराला न दुखवणारी, आवृत्ती आहे.

वरच्या वर्गातल्या मुलांना जवळच्या आरोग्य केंद्रात नेता आले तर औषधांचा फ्रीज पाहावा. त्याच्या तापमानाची नोंद दिवसातून किती वेळा होते आणि वीज गेली तर काय करतात, हे तिथल्या परिचारिकेला विचारावे. कुपीवर लिहिलेले २ ते ८ अंश हे आकडे मुलांनी स्वतः वाचावेत, आणि मग बाहेर उन्हात आल्यावर तापमापी पाहावा.